अंक उशिरा निघाला तरी चालेल

प्रश्न

सर, नमस्कार. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटरला असोसिएट प्रोफेसर आहे. माझी पीएच.डी. वायरलेस सेन्सर नेटवर्कमधली. ऑगस्टमध्ये प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की मोबाइल कॉम्प्युटिंग आणि वायरलेस नेटवर्किंग या विषयांवर संस्थेचं स्वतःचं पीअर-रिव्ह्यूड (पेपर छापण्याआधी विषयातल्या जाणकारांकडून तपासून घेणारं) ऑनलाइन जर्नल निघणार आणि चीफ एडिटर मी. वर्षाला चार अंक, अंकात बारा पेपर, पहिला अंक जानेवारीत. एडिटोरियल बोर्डावर आमचे सगळे एचओडी (विभागप्रमुख) आहेत. ३४ पेपर आले, पैकी २१ आमच्याच स्टाफचे. बहुतेकांचं प्रमोशन अडलेलं आहे. एक पेपर आमच्या एचओडी सरांचा आहे आणि तो मला कच्चा वाटतो. रिव्ह्यूसाठी ४० जणांना मेल केली. सहा जण हो म्हणाले, दोघांचे रिपोर्ट आले. पहिल्यात ‘गुड पेपर, अ‍ॅक्सेप्ट’ एवढंच. दुसरा एका मुलाच्या पेपरवर. त्याने उसाच्या फडात लोरा नोड (कमी विजेवर दूरवर सिग्नल पाठवणारी छोटी रेडिओ उपकरणं) लावून सिग्नल कुठवर पोचतो ते मोजलंय. मला सगळ्यांत तोच पेपर आवडला होता. रिपोर्ट आला, ‘इंग्लिश पुअर, रिजेक्ट.’ डिसेंबर लागला. हे काम सोडू का? नाही सोडलं, तर चालवू कसं?

— एक प्राध्यापिका

उत्तर

मॅडम, सप्रेम नमस्कार.

काम सोडू नका, पण बारा पेपरांचा अंक जानेवारीत काढूही नका. तुमच्या पत्रात अडचणी पाच-सहा दिसतात. माझ्या मते मूळ एकच आहे, ‘वर्षाला चार अंक, अंकात बारा पेपर’ हे वाक्य. पेपर हातात येण्याआधीच त्यांची संख्या ठरली, की निवड संपते आणि भरती सुरू होते.

अंक ही छापखान्याची आणि टपालाची गरज होती. फर्मे भरायचे, गठ्ठे पोस्टात द्यायचे, म्हणून तारीख आणि पानं आधी ठरवावी लागत. तुमचं जर्नल ऑनलाइन आहे. पेपर रिव्ह्यूतून पार पडला, की त्याच आठवड्यात प्रसिद्ध करा आणि वर्षाअखेर सगळ्यांचा मिळून एक खंड करा. डीओएजे ही खुल्या जर्नलांची जागतिक सूची २००३ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात सुरू झाली. तिची अट वर्षाला किमान पाच पेपरांची आहे. तुमची संस्था ४८ मागते आहे. हे दोन आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून प्राचार्यांपुढे ठेवा. त्यांना जर्नल चांगल्या सूचीत गेलेलं हवंय. तिथे जायला काय लागतं हे दिसलं, की बोलणं सोपं होतं.

मी हे इतकं ठासून सांगतो, त्याला कारण आहे. पूर्वी मी एका संस्थेचं त्रैमासिक सांभाळत होतो. एकदा अंक छपाईला जायला तीन दिवस उरले आणि एक पेपर कमी पडत होता. अ‍ॅड हॉक नेटवर्कमधल्या (टॉवरशिवाय एकमेकांशी थेट बोलणारी उपकरणं) राउटिंगवरचा, म्हणजे संदेश कुठल्या वाटेने न्यायचा त्यावरचा, एक पेपर पडून होता. एका रिव्ह्यूअरने त्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या, दुसऱ्याचं उत्तर आलंच नव्हतं. मी तो घेतला. दोन वर्षांनी विदर्भातल्या एका एम.टेक.च्या मुलीचं पत्र आलं. त्या पेपरच्या पुढचं काम करायचं म्हणून ती सहा महिने तेच सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर नेटवर्कची नक्कल करून केलेला प्रयोग) उभं करत होती आणि आलेख काही केल्या जुळत नव्हते. मी लेखकाकडे फाइली मागितल्या. त्याच्या उत्तरावरून कळलं, की त्या कधी नव्हत्याच. तिचे सहा महिने माझ्यामुळे गेले. अंक मात्र वेळेवर निघाला होता.

मोठ्या प्रकाशनघरांतही हेच होतं. वायली या प्रकाशनसंस्थेने २०२१मध्ये हिंदावी विकत घेतली आणि २०२३ या एका वर्षात हिंदावीच्या जर्नलांमधले आठ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. बहुतेक विशेषांकांतले. पाहुणा संपादक आणायचा आणि त्याने विशेषांक भरायचा, अशी पद्धत होती. पैसे घेऊन पेपर तयार करून देणारे त्याच दारातून आत शिरले. आपल्याच विषयाचं ‘वायरलेस कम्युनिकेशन्स अँड मोबाइल कॉम्प्युटिंग’ हे जर्नलही त्यात सापडलं. म्हणून पहिली तीन वर्षं विशेषांक नको आणि पाहुणा संपादकही नको. एखाद्या परिषदेने सगळे पेपर एकगठ्ठा देऊ केले, तर हात जोडून नाही म्हणा. परिषदेतला एखादा चांगला पेपर वाढवून घ्यायला हरकत नाही, आपल्या क्षेत्रात ती रीतच आहे. पण त्यात निदान तीस टक्के काम नवं हवं आणि रिव्ह्यू पहिल्यापासून व्हायला हवा.

आता घरचे २१ पेपर. डीओएजेचा नियम असा, की ताज्या दोन अंकांपैकी कुठल्याही अंकात संपादक, बोर्डाचे सदस्य आणि रिव्ह्यूअर यांचे पेपर पंचवीस टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. तुमचे सगळे एचओडी बोर्डावर आहेत, आणि पेपरावर साहेबांचं नाव घालायची आपल्याकडची सवय तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे या २१ पैकी बरेच या नियमात अडकतील. मी तर म्हणेन, पहिल्या खंडात आपल्या कॉलेजचा एकही पेपर घेऊ नका. बोर्डही लहान करा. एचओडींना सल्लागार मंडळावर ठेवा आणि संपादनाच्या कामात बाहेरची सहा-सात माणसं आणा.

स्टाफरूममध्ये हे सांगताना आवाज चढू देऊ नका. त्यांची अडचण खरी आहे. दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकल, मग नॅकच्या फायली, अ‍ॅडमिशनची ड्युटी, आणि हे सगळं उरकून ही मंडळी रात्री पेपर लिहितात. त्यांच्या हिताचं काय ते दाखवा. यूजीसीने २०१९मध्ये केअर ही मान्य जर्नलांची यादी आणली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात चालायचं. २०२५च्या फेब्रुवारीत ती यादी बंद केल्याचं यूजीसीने जाहीर केलं आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर आली. आता यादीत नाव दाखवून भागत नाही. मुलाखतीत समोर बसलेला तज्ज्ञ जर्नल उघडून बघू शकतो, आणि आपल्याच कॉलेजचं, आपलेच साहेब बोर्डावर असलेलं जर्नल दिसलं, की त्या शिक्षकाला खुलासे करत बसावं लागतं. हे सांगितल्यावर तिथेच थांबू नका. प्रत्येकाचा पेपर वाचून तो कुठे पाठवता येईल ते सुचवा. एक-दोन शनिवार जातील, पण तुमच्याबद्दल कुणाच्या मनात अढी राहणार नाही.

एचओडी सरांना मात्र मेलवर कळवू नका. त्यांच्याकडे जा, बसा आणि साध्या शब्दांत सांगा: ‘सर, पहिल्या खंडात आपल्यापैकी कुणाचाच पेपर नाही, माझासुद्धा नाही. तुमचा पेपर मी घेतला, तर लोक म्हणतील मॅडमनी साहेबांचा पेपर छापला. परत पाठवला, तर आपल्याला रोज एकाच विभागात काम करायचंय. त्यामुळे त्यावर निर्णय मी घेणार नाही. पुढच्या वर्षी द्यायचा असेल, तर बाहेरच्या असोसिएट एडिटरकडे सोपवू. रिव्ह्यूअर कोण हे मलाही कळणार नाही.’ पेपर कच्चा आहे हे तुम्ही बोलायची गरज नाही, तुमचं ते कामही नाही. जर्नल चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा पेपर पूर्णपणे दुसऱ्या संपादकाच्या हाती देता येतो. ते खरोखर करा, नुसतं म्हणू नका.

मग उरतात १३. ते कुणाकडेही धाडण्याआधी तुम्ही स्वतः वाचा. ४० मेल पाठवायची वेळ आली, कारण ३४च्या ३४ पेपर तुम्ही रिव्ह्यूला काढले. निम्म्याहून अधिक पेपर संपादकाच्या टेबलावरूनच परत जायला हवेत, आणि आपल्या विषयात ते ओळखणं अवघड नाही.

कुर्कोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी २००५ साली मोबीहॉक या परिषदेतले २००० ते २००५ या काळातले पेपर तपासले होते. १५१ पैकी ११४ पेपर सिम्युलेशनवर उभे होते, आणि त्या ११४ पैकी ३४ पेपरांत सिम्युलेटर कोणता वापरला हेच लिहिलेलं नव्हतं. या विषयातल्या वरच्या दर्जाच्या परिषदेची ही स्थिती होती. तेव्हा तुमच्याकडे आलेल्या पेपरात सिम्युलेटरचं नाव आणि आवृत्ती आहे का, किती वेळा चालवून सरासरी काढली, प्रत्येक वेळी रँडम सीड (ज्यावरून सिम्युलेशनमधले यादृच्छिक आकडे निघतात तो आकडा) बदलला का, आलेखावर कॉन्फिडन्स इंटर्व्हल (निकाल किती मागेपुढे होऊ शकतो ते दाखवणाऱ्या रेघा) आहेत का, हे आधी बघा. एकदाच चालवलेलं सिम्युलेशन आणि गुळगुळीत रेघ दिसली, तर पेपर परत करा.

नोड फिरते असतील, तर आणखी एक गोष्ट बघा. यून, लियू आणि नोबल यांनी २००३मध्ये दाखवून दिलं, की रँडम वेपॉइंट मॉडेलमध्ये (प्रत्येक नोड मनमानी ठिकाण आणि वेग निवडून फिरतो, असं मानणारं मॉडेल) किमान वेग शून्य ठेवला, तर नोडचा सरासरी वेग वेळ जाईल तसा घसरत राहतो. ज्या नोडच्या वाट्याला अगदी मंद वेग येतो, तो मुक्कामी पोचेपर्यंत प्रचंड वेळ घेतो, आणि जसजसा वेळ जातो तसतसे असे रखडलेले नोड वाढत जातात. लेखक म्हणतो मी फिरत्या नेटवर्कमध्ये प्रोटोकॉल तपासला. प्रत्यक्षात ते नेटवर्क हळूहळू थांबत आलेलं असतं. २० वर्षांहून जुनी ही गोष्ट अजूनही सर्रास चुकते. किमान वेग किती होता, एवढा एक प्रश्न विचारला तरी कळतं.

आणि लीच, सेन्सरची ऊर्जा वाचवणारा राउटिंग प्रोटोकॉल. १०० बाय १०० मीटरचं मैदान, शंभर नोड, प्रत्येकात अर्धा ज्यूल ऊर्जा, आणि ‘आमचा प्रोटोकॉल लीचपेक्षा इतके टक्के सरस’. तुमची पीएच.डी. याच विषयातली, त्यामुळे असे पेपर तुम्ही ढिगाने पाहिले असतील. लीच २००० साली आला. त्यानंतर त्यावर झालेल्या कामाशी तुलना नसेल, तर त्याला मागे टाकून नवं काही कळत नाही. फिरत्या नेटवर्कमधल्या राउटिंगमध्ये एओडीव्ही या प्रोटोकॉलचंही तेच. त्याचा आरएफसी (तपशील सांगणारा दस्तऐवज) २००३चा आहे.

दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून नऊ टक्के आलं की पेपर स्वच्छ, असा समज झालाय. शब्द फिरवून देणारी सॉफ्टवेअरं नेमकी त्यासाठीच वापरली जातात. काबानाक, लाबे आणि मागाझिनोव्ह या तिघांनी २०२१मध्ये असे शब्दप्रयोग गोळा करून मांडले: आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, बिग डेटाच्या जागी ‘कोलॉसल इन्फर्मेशन’. ज्याला विषय येतो, तो असं कधी लिहिणार नाही. एक पान मोठ्याने वाचलं, तरी कानाला कळतं.

एवढं केल्यावर चार-पाच पेपर उरतील. त्यांना बारा-पंधरा चांगले रिव्ह्यूअर पुरे. माझ्या मते जर्नलची खरी पुंजी हीच माणसं, त्यामुळे इथे वेळ घालवा. मोठ्या नावांच्या मागे लागू नका. त्यांच्याकडे रोज अशा मेल येतात. पेपरच्या संदर्भसूचीत ज्यांचं काम आहे, त्यांचे पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी शोधा. ते मन लावून वाचतात. एनसीसी (नॅशनल कॉन्फरन्स ऑन कम्युनिकेशन्स) किंवा कॉमस्नेट्ससारख्या परिषदेला गेलात, तर ज्याने चांगला प्रश्न विचारला त्याचं नाव टिपून ठेवा. टेलिकॉम कंपन्यांत काम करणारे तुमचे जुने विद्यार्थी असतील. त्यांना पेपर लिहायला वेळ नसतो, पण बेस स्टेशनवर प्रत्यक्ष काय होतं ते त्यांना ठाऊक असतं. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहा, तुमचं अमुक काम वाचलं म्हणून तुम्हालाच विचारते, असं. तीन आठवडे द्या, वर्षाला दोनपेक्षा जास्त पेपर मागू नका. आणि निर्णय झाला, की तो आणि दुसऱ्या रिव्ह्यूअरचा रिपोर्ट त्यांनाही पाठवा. आपण लिहिलेल्याचं पुढे काय झालं हे कळलं, की माणूस पुन्हा हो म्हणतो. हे फार कमी जर्नलं करतात.

‘गुड पेपर, अ‍ॅक्सेप्ट’ला रिपोर्ट समजू नका. त्या रिव्ह्यूअरचे आभार माना आणि तो पेपर दुसऱ्याकडे द्या. लेखकाने सुचवलेले रिव्ह्यूअर घेताना त्यांचा ईमेल संस्थेचाच आहे का, ते बघा. २०१४मध्ये ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’ला साठ पेपर मागे घ्यावे लागले, कारण खोट्या खात्यांच्या आडून काहींनी आपल्याच पेपरांचे रिव्ह्यू स्वतः लिहिले होते.

नकाराचं पत्र दोन आठवड्यांच्या आत जाऊ द्या, आणि त्यात कामाच्या चार ओळी असू द्या. तुमच्याकडे पेपर पाठवणारा मुलगा कदाचित घरातला पहिला पदवीधर असेल आणि त्याच्या गाइडने तो पेपर नीट वाचलेलाही नसेल. ‘नॉट सूटेबल’ वाचून तो काहीच शिकत नाही. ‘तुमचं सिम्युलेशन एकाच सीडवर चाललंय, तीस सीडवर चालवा आणि फरक उरतो का बघा’ एवढं लिहिलं, तर पुढचा पेपर तो वेगळा लिहील.

बाकीचं थोडक्यात. ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तुमच्याच सर्व्हरवर चालेल. आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) दिल्लीहून मिळतो, त्याला पैसे लागत नाहीत, आणि तो दर्जाचा शिक्का नाही हे मॅनेजमेंटला आधीच सांगा. डीओआयसाठी (प्रत्येक पेपरचा कायमचा क्रमांक) क्रॉसरेफ या संस्थेची वर्षाची वर्गणी भरावी लागेल. ती संस्थेने द्यावी, लेखकांकडून एक रुपयाही घेऊ नका. ‘इम्पॅक्ट फॅक्टर देतो’ अशा मेल येतील, त्या पुसून टाका. स्कोपस या सूचीकडे अर्ज करायला निदान दोन वर्षांचं प्रकाशन लागतं, तोवर तो विषय काढू नका.

शेवटी, तुमच्या जर्नलने छापायचं काय? ‘वायरलेस नेटवर्क्स’ १९९५पासून निघतं, आयईईईचं ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन मोबाइल कॉम्प्युटिंग’ २००२पासून. तिथे जो पेपर जाऊ शकतो, तो तुमच्याकडे येणार नाही आणि यायची गरजही नाही. तुम्ही इथलं मोजमाप छापा. पालघरच्या गावांत आयआयटी मुंबईने टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या मोकळ्या जागेतून ब्रॉडबँड नेण्याचा प्रयोग केला. गावात, झाडीत, पावसात सिग्नलचं काय होतं, हे असं बाहेर पडून मोजल्याशिवाय कळत नाही. घाटात फोन कुठे तुटतो, वारीच्या गर्दीत एका टॉवरवर किती भार येतो, हे नीट मोजून लिहिलेले पेपर मागवा. गाजलेल्या पेपरचे प्रयोग पुन्हा करून बघणारेही मागवा, निकाल जुळला नाही तरी.

आणि म्हणूनच तो उसाचा पेपर. तो रिव्ह्यूअर पेपर वाचून थांबला नाही, इंग्रजी वाचून थांबला. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. शेतातला सेन्सर त्यावर चालवायचं म्हटलं, की पहिला प्रश्न हाच येतो: ऊस वाढला की काय होतं? त्या मुलाला आज पत्र लिहा. अँटेना जमिनीपासून किती उंचीवर होती, ऊस किती उंच होता, आडसाली होता की खोडवा, कोणत्या महिन्यात मोजलं, पाणी देण्याआधी की नंतर, स्प्रेडिंग फॅक्टर (लोराचा सिग्नल किती पसरवायचा तो आकडा) किती ठेवला, प्रत्येक अंतरावर किती पॅकेट पाठवले आणि किती पोचले. त्याची वही असेल तशी मागवा, ओल आणि चिखलाच्या डागांसकट. नवे दोन रिव्ह्यूअर बघा: एक लोरावर काम केलेला, दुसरा कृषी विद्यापीठातला, ज्याला उसाच्या पानांत किती पाणी असतं ते माहीत आहे. इंग्रजी तुम्ही आणि तुमच्या कॉलेजातले इंग्रजीचे शिक्षक दोन संध्याकाळी बसून सरळ कराल.

मोजमाप खरं निघालं आणि जानेवारीत तेवढा एकच पेपर तयार झाला, तर तेवढाच प्रसिद्ध करा. मार्च उजाडला, तर मार्चमध्ये. आला की मला कळवा. ऊस डोक्याच्या वर गेल्यावर सिग्नल किती मीटरवर सुटतो, तो आलेख मला बघायचाय.